रॉनी बार्कर : डुआयडीचा मूळपुरुष

अडगळीतला_माणूस

ब्रिटिश विनोद म्हटला की आपली गाडी मिस्टर बीनपाशी थांबते. जरा वय झालेले 'माइंड युअर लँग्वेज'ची आठवण काढतात, इंग्रजी वाचणारे वुडहाउसचं नाव घेऊन मोकळे होतात. रॉनी बार्कर या विनोदी नटाचं नाव घेतलं की समोरचा 'कोण?' असं तोंड करतो. म्हणून हा धागा.

आधी त्याची एक लबाडी सांगतो, या संकेतस्थळावरच्या मंडळींना ती चटकन कळेल.

१९६० च्या दशकाची अखेर. लंडनच्या एका वाहिनीवर 'फ्रॉस्ट ऑन संडे' नावाचा कार्यक्रम चालायचा. त्यात रॉनी बार्कर आणि रॉनी कॉर्बेट हे दोघे प्रहसनं करायचे. एके दिवशी बार्करच्या एजंटमार्फत जेराल्ड वायली नावाच्या कुणा अनोळखी माणसाची प्रहसनं यायला लागली. चांगली होती. घेतली, गाजली. मग सगळ्यांना प्रश्न पडला, की हा वायली आहे तरी कोण? तालमीला येत नाही, तोंड दाखवत नाही. कुणी म्हणे नाटककार टॉम स्टॉपार्ड असणार, कुणी थेट नोएल कॉवर्ड या दुसऱ्या बड्या नाटककारावर संशय घेतला. या गप्पांत बार्करही हिरिरीने भाग घ्यायचा. आणि वायलीचं एखादं प्रहसन साधारण असलं तर 'हे काही जमलेलं नाही' म्हणून बाजूलाही टाकायचा.

कॉर्बेटला वायलीचं एक प्रहसन फार आवडलं. डॉक्टरच्या दवाखान्यात ताटकळत बसलेले, एकमेकांशी चकार शब्द न बोलणारे पेशंट, असा विषय. त्याचे हक्क विकत घ्यावेत असं त्याच्या मनात आलं. वायलीने तीन हजार पौंड मागितले. कॉर्बेटने बार्करचा सल्ला घेतला. बार्कर म्हणाला, फार होतात, देऊ नकोस! पुढे वायलीने ते हक्क फुकट देऊन टाकले.

शेवटी वायलीने सगळ्यांना स्टुडिओसमोरच्या चिनी हॉटेलात जेवायला बोलावलं. सगळे जमले, दाराकडे डोळे लावून बसले. आणि आत येऊन कधीचा बसलेला बार्कर उभा राहिला आणि म्हणाला, तो मीच. पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसेना.

तर मंडळी, डुआयडीचा, म्हणजे दुसऱ्या नावाने काढलेल्या डुप्लिकेट आयडीचा, मूळपुरुष हा. फरक एवढाच, की आपल्याकडे डुआयडी काढतात ते स्वतःच्याच धाग्यावर 'वा, काय लिहिलंय!' म्हणायला, आणि याने काढला तो स्वतःला नापास करायची सोय राहावी म्हणून. त्याचं म्हणणं साधं होतं. मी या कार्यक्रमातला मोठा नट, माझ्या नावाने कागद पुढे आला की कुणी नाही म्हणणार नाही. मग ते चांगलं होतं की नाही हे मला कळणार कसं?

थोडी कुंडली. जन्म १९२९, बेडफर्ड. वाढला ऑक्सफर्डला. ऑक्सफर्ड म्हटल्यावर विद्यापीठ डोळ्यांसमोर आणू नका, बाप तेल कंपनीत कारकून होता. आर्किटेक्चरचं शिक्षण अर्धवट सोडलं, काही दिवस बँकेत खर्डेघाशी केली, आणि १९४८ साली एल्सबरी गावातल्या रिपर्टरी नाटक मंडळीत शिरला. रिपर्टरी म्हणजे रात्री या आठवड्याचं नाटक आणि दिवसा पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम. आज म्हातारा, सोमवारी हवालदार, त्याच्या पुढच्या सोमवारी पाद्री. पुढचं सगळं आयुष्य या भट्टीतून निघालं असं मला वाटतं.

मग रेडिओ, १९६६ मध्ये 'द फ्रॉस्ट रिपोर्ट', १९७१ ते १९८७ 'द टू रॉनीज', मध्येच 'पॉरिज' आणि 'ओपन ऑल अवर्स'. १९८८ मध्ये, वय साठीलाही पोचलं नव्हतं तेव्हा, सगळं बंद करून हा माणूस चिपिंग नॉर्टन गावात जुन्या वस्तूंचं दुकान टाकून बसला.

मला कुतूहल आहे ते या माणसाच्या 'मी'बद्दल. 'टू रॉनीज'मध्ये कॉर्बेट दर भागात एका भल्यामोठ्या खुर्चीत बसून प्रेक्षकांशी गप्पा मारायचा, कॉर्बेट म्हणूनच. बार्करने असं कधी केलं नाही. त्याला म्हणे स्वतः म्हणून लोकांसमोर उभंच राहता येत नसे. सुरुवातीला आणि शेवटी दोघे टेबलामागे बसून खोट्या बातम्या वाचतात, तिथेही तो वृत्तनिवेदकाचं सोंग घेऊन बसलेला असतो. चष्मा, मिशी, विग, टोपी, काहीतरी आड हवंच. इतका लाडका नट, आणि स्वतःचा असा चेहराच नाही.

कुणी पाहिलंय का? या.

रानभेंडी

डुआयडीचा मूळपुरुष! हसून हसून पुरेवाट. वाचनखूण साठवली आहे.

नाव ऐकलं नव्हतं. सुरुवात कशापासून करू? इंग्रजी कळतं, पण ते तोंडातल्या तोंडात बोलायला लागले की माझी सबटायटलांवाचून पंचाईत होते.

थेम्सकाठचा

वा, फार दिवसांनी इथे लॉगिन करायला लावलंत. वीस वर्षं इंग्लंडात काढल्यावर सांगतो, राजघराण्याचं नाव काढलं तर इथले लोक वाद घालतील, रॉनी बार्करचं काढलं तर चहा पाजतील.

रानभेंडी, एकच बघायचं तर 'फोर कँडल्स' बघा. ४ सप्टेंबर १९७६ ला लागलं होतं. लेखक अर्थातच जेराल्ड वायली.

जुन्या पद्धतीचं हार्डवेअरचं दुकान. गल्ल्यावर कॉर्बेट, तपकिरी डगला घालून. गिऱ्हाईक म्हणून बार्कर, टोपीवाला, मख्ख. तो म्हणतो, 'फोर कँडल्स.' कॉर्बेट चार मेणबत्त्या काढून समोर ठेवतो. बार्कर त्या मेणबत्त्यांकडे बघतो, म्हणतो, नाही हो, 'फोर्क 'अँडल्स'. म्हणजे बागेतली माती उकरायचा काटा असतो ना, त्याची मूठ! कष्टकरी वर्गाच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गिळतात, म्हणून हँडलचं अँडल. सगळा खेळ त्या गिळलेल्या 'ह'वर.

पुढे 'ओज' मागतो. हा कुदळीसारखं हत्यार आणतो, त्याला 'हो' म्हणतात. तो नव्हे. मग पाण्याची नळी आणतो, 'होज'. तोही नव्हे. मग बायकांचे पायमोजे, तेही 'होज'च. शेवटी कळतं की त्याला इंग्रजी ओ हे अक्षर पाहिजे, घराच्या फाटकावर 'माँ रपोज' असं नाव लावायला. दर वेळी कॉर्बेट शिडी आणतो, चढतो, उतरतो, शिडी ठेवतो, आणि लगेच पुढची वस्तू पुन्हा त्याच उंच फळीवरची निघते. शब्दांचा खेळ आहे असं वाटतं, पण मला विचाराल तर निम्मं हसू त्या शिडीचं आहे. बुटका माणूस आणि उंच फळी.

माझाच अनुभव. नवीन नवीन असताना एकदा घराची वीज गेली. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि निरागसपणे म्हणालो, 'फोर कँडल्स प्लीज.' गल्ल्यावरचे गृहस्थ चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता मला बागकामाच्या फळीपाशी घेऊन गेले. मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन आजीबाई हसून हसून एकमेकींना धरून उभ्या. मला वाटलं माझे उच्चार वाईट आहेत. आठवडाभर आरशासमोर 'कँडल' म्हणत होतो.

चकलीचा_कडकड

थेम्सकाठचे काका, दंडवत.

याचं भाषांतर होणं शक्य नाही, पण रूपांतर व्हायला काय हरकत आहे? आमच्या पेठेत भांड्यांचं एक दुकान होतं, तिथे हे सहज घडलं असतं.

गिऱ्हाईक : किसणी, सहाण.
(दुकानदार सहा किसण्या आणून ठेवतो.)
गिऱ्हाईक : अहो हे काय?
दुकानदार : तुम्हीच म्हणालात की, किसणी सहा आण.
गिऱ्हाईक : सहा आण नाही हो, सहाण! चंदन उगाळायची!

सुतार_पक्षी

चकली, 'सहा आण' जबरी!

माझ्या वडिलांचं हार्डवेअरचंच दुकान, त्यामुळे हा घरचा विषय. घ्या :

गिऱ्हाईक : बारा कडी द्या.
(दुकानदार शिडी लावतो, माळ्यावरून धूळ झटकत बाराखडीचा तक्ता काढतो.)
गिऱ्हाईक : हे कशाला? माझी पोरं कॉलेजात आहेत.
दुकानदार : बाराखडी म्हणालात ना?
गिऱ्हाईक : कडी! कडी! दाराची! बारा!

इथे तर 'ह'काराचाच खेळ आहे, अगदी मूळच्यासारखा. क आणि ख.

खवचट_खोडरबर

बारा 'कड्या'. अनेकवचन. चालू द्या.

सुतार_पक्षी

खोडरबर, आमच्या दुकानात येऊन बसा एक दिवस. 'चार बिजागरी द्या, आठ कडी द्या, पावशेर चुका द्या.' व्याकरण गल्ल्याच्या अलीकडेच काढून ठेवतात लोक, चपलेसारखं.

निशाचरी

'टू रॉनीज' मजेदार आहे, पण माझ्या मते बार्कर बघायचा तर 'पॉरिज'मध्ये. बाकी सगळं सोंग, तिथे माणूस आहे.

'पॉरिज' म्हणजे खरं तर लापशी. तिथल्या बोलीत लापशी खाणं म्हणजे तुरुंगात असणं, आपल्याकडे खडी फोडायला जाणं म्हणतात तसं. लेखक डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने. १९७४ ते १९७७ अशी तीन पर्वं. नॉर्मन स्टॅन्ली फ्लेचर नावाचा सराईत चोर, कंबरलँडच्या ओसाड भागातल्या काल्पनिक स्लेड तुरुंगात. सुरुवातीला न्यायाधीश शिक्षा सुनावतात तो आवाजही बार्करचाच. म्हणजे स्वतःच स्वतःला पाच वर्षांसाठी आत टाकतो! धागाकर्त्याच्या वायली सिद्धांतात हे चपखल बसतं बघा.

यात पळून जायचे बेत नाहीत, दंगे नाहीत. दोन माणसं एका खोलीत आणि बाहेर दोन पहारेकरी. एक मॅके, मान ताठ करून चालणारा, सगळ्यांना सरळ करायला निघालेला. दुसरा बॅरोक्लॉ, इतका मऊ की कैद्यांनाच त्याची दया यावी. फ्लेचरचं सगळं तत्त्वज्ञान म्हणजे रोज एक छोटा विजय. डबाबंद अननसाची एखादी चोरी, पहारेकऱ्याला कळणार नाही अशी एखादी कोपरखळी. व्यवस्थेला हरवता येत नाही, पण तिच्या पायात खडा टाकता येतो.

'अ नाइट इन' हा भाग जरूर बघा. जवळजवळ अर्धा तास फक्त एक कोठडी, दोन खाटा आणि दोन माणसं. रिचर्ड बेकिन्सेलने केलेला तरणा गॉडबर पहिल्यांदाच आत आलेला, दार बंद झालं की त्याला घुसमटायला होतं. फ्लेचर त्याला धीर देतो, पण धीर देतोय असं दिसू न देता. वैतागल्याचं नाटक करत. बार्करने तिथे काहीच 'केलेलं' नाही. च्युइंगम चघळतोय, नुसता पडून आहे, छताकडे बघतोय.

बेकिन्सेल १९७९ साली, एकतिसाव्या वर्षी झोपेतच गेला. त्यानंतर तो भाग पुन्हा बघताना वेगळंच वाटतं.

अडगळीतला_माणूस

निशाचरी, प्रतिसाद धाग्यापेक्षा चांगला झालाय. आवाजाचं लक्षातच आलं नव्हतं.

एक भर घालतो. 'पॉरिज' आणि 'ओपन ऑल अवर्स' ही दोन्ही पिल्लं एकाच घरट्यातली. १९७३ मध्ये 'सेव्हन ऑफ वन' नावाची मालिका केली होती, सात भाग, सात वेगळ्या गोष्टी, सगळ्यांत मुख्य भूमिकेत बार्कर. जी जमेल ती पुढे वाढवू, असा हिशेब. त्यातल्या दोन वाढल्या. आठवड्याला नवीन सोंग हे रिपर्टरीचंच गणित नव्हे का?

खवचट_खोडरबर

आता जरा पाणी टाकतो.

'टू रॉनीज'चे बरेच भाग सलग बघितलेत का कुणी? मी बघितलेत. चार प्रहसनं चोख, बाकी बायकांच्या अवयवांवरचे आडवळणी विनोद आणि न संपणारी गाणी. १९८० मध्ये 'द वर्म दॅट टर्न्ड' नावाची मालिका त्यातच टाकली होती. इंग्लंडात बायकांचं राज्य आलंय, पुरुषांना झगे घालावे लागतात, आणि पहारेकरी बायका तोकड्या चड्ड्यांत. यात उपहास कुणाचा आणि चैन कुणाची हे सांगायला नको. इतर वंशांच्या लोकांची सोंगं काढलेली तर आज बघवत नाहीत.

हे मी आजच्या चष्म्यातून बोलत नाहीये. तेव्हाच्याच पोरांनी, 'नॉट द नाइन ओ'क्लॉक न्यूज' या दुसऱ्या विनोदी कार्यक्रमवाल्यांनी, १९८२ मध्ये 'द टू निनीज' (निनी म्हणजे बावळट) म्हणून त्यांची टर उडवली होती. मुद्दा हाच, की तुम्ही दोघे गोड हसून तेच ते चावट विनोद विकता. बार्करला ते लागलं म्हणे. लागणारच, खरं होतं.

आणि ज्या माणसाने जुन्या चावट पोस्टकार्डांचा ढीग जमवून त्यांची पुस्तकं काढली, त्याच्या विनोदाचा उगम शोधायला फार लांब जायला नको.

अडगळीतला_माणूस

खोडरबर, बरंचसं मान्य. गाणी मीही पुढे ढकलतो.

पण पोस्टकार्डांवरून एक सुचलं. ती समुद्रकाठच्या गावांत मिळणारी इंग्रजी कार्डं असतात. लठ्ठ बायको, काडीपैलवान नवरा, खाली एक द्व्यर्थी ओळ. त्यांत कुणी काही करत नाही, सगळं बोलण्यात. बार्करने 'फटॉक्स एंड' (१९७०) आणि 'द पिकनिक' (१९७६) असे शब्दांवाचून चालणारे विनोदपट केले, नुसतं पुटपुटणं आणि खाकरणं. ती हलती पोस्टकार्डंच आहेत. एकीकडे शब्दांवर इतकं प्रेम आणि दुसरीकडे शब्दच काढून टाकायचे. दोन्ही एकाच माणसाने करावं याचं मला अजून नवल वाटतं.

टर उडवण्याबद्दल. ती चांगली होती. लागली, कारण ती टर 'त्यांची' होती. सोंगामागे दडलेल्या माणसाला कुणीतरी नावाने हाक मारली.

खवचट_खोडरबर

शेवटचं वाक्य छान आहे, पुरावा नाही. तरी +०.५.

वाचनमात्र

नावाप्रमाणे नुसता वाचतो, आज लिहावंसं वाटलं.

'ओपन ऑल अवर्स'बद्दल कुणी बोललं नाही. मी लहानपणापासून अडखळत बोलतो. 'क' आणि 'प' माझे वैरी. ही मालिका मला एका मित्राने 'बघ, तुझ्यासारखाच आहे' म्हणून दाखवली. मित्राशी पुढे दोन महिने बोललो नाही.

आर्कराइट नावाचा चिक्कू दुकानदार, यॉर्कशायरच्या एका कोपऱ्यावरचं दुकान, पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडं. भाचा ग्रॅनव्हिल, म्हणजे डेव्हिड जेसन, राबराब राबतो. समोर राहणारी नर्स ग्लॅडिस, जिच्यावर म्हाताऱ्याचा जीव. आणि एक जुना गल्ला, ज्याचा खण असा झटक्यात मिटतो की बोटं सांभाळावी लागतात. गल्ला उघडताना आर्कराइटच्या चेहऱ्यावर लोभ आणि भीती एकदम दिसतात. कोकणातल्या माझ्या मामांच्या दुकानात उधारीची वही उघडताना मामांचा चेहरा असाच व्हायचा.

आर्कराइट तोतरा आहे. नंतर वाचलं, की लेखक रॉय क्लार्कच्या संहितेत ते नव्हतं, बार्करने आणलं. रिपर्टरीच्या दिवसांतला त्याचा सहकारी ग्लेन मेल्विन रंगभूमीवर तोतरेपणा फार चांगला करायचा, त्याच्याकडून शिकलेलं.

रागाने बघायला बसलो होतो, चुका काढायला. काही ठिकाणी सापडल्याही, अडखळण्यावर सरळसरळ हशा घेतलाय. पण बऱ्याच ठिकाणी आर्कराइट त्या अडखळण्याचा धंद्याला उपयोग करतो. किंमत सांगताना अडखळतो, तेवढ्यात गिऱ्हाईक गडबडतं. आणि कुणाची कीव घेत नाही. तोतऱ्या माणसाला पडद्यावर मी एक तर बापुडवाणा बघितला होता नाही तर गाढव. लबाड पहिल्यांदाच बघितला.

मित्राशी आता बोलतो.

रानभेंडी

वाचनमात्र, लिहीत जा हो. इतकी वर्षं काय नुसता वाचत बसलात.

चकलीचा_कडकड

संशय व्यक्त करतो. वाचनमात्र हा धागाकर्त्याचा डुआयडी आहे. धागा कशावर आहे हे लक्षात घेता शक्यता दाट.

अडगळीतला_माणूस

मला इतकं चांगलं लिहिता आलं असतं तर डुआयडी काढलाच नसता.

आजोबा_७१

मुलाकडे असताना त्याच्याकडच्या डीव्हीडींवर हे सगळं पाहिले. मला कौतुक आहे ते निवृत्तीचे.

आम्ही नोकरदार माणसे. अठ्ठावन्न पूर्ण झाले की हार, नारळ आणि शाल. नटाला कुणी शाल देत नाही, त्याला स्वतःच उठावे लागते. बार्कर अठ्ठावन्नाच्या आसपासच उठला, हा योगायोग मला गमतीचा वाटला. प्रकृतीचे कारण होते, रक्तदाब वाढला होता. पण कल्पना सुचेनाशा झाल्या हेही त्याने मोकळेपणी सांगितले. पीटर हॉल यांच्यासारख्या दिग्दर्शकाने शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफच्या भूमिकेसाठी विचारले, तेही नाकारले. हे हॉल तेच, ज्यांनी १९५५ मध्ये त्याला लंडनच्या मोठ्या रंगभूमीवर आणले होते. कॉर्बेटला बेत आधी सांगून ठेवला होता आणि त्याने तो बाहेर फुटू दिला नाही. अशी जोडी मिळायला भाग्य लागते.

शेवटची मालिका 'क्लॅरेन्स', १९८८. डोळ्यांनी अतिशय अधू असलेला एक हमाल, सामान वाहताना सगळे फोडतो. लेखक म्हणून नाव बॉब फेरिस. तोही अर्थातच बार्करच.

मग दहाएक वर्षे पत्नीसह ते जुन्या वस्तूंचे दुकान. लोक वस्तू घ्यायला कमी आणि त्याला बघायला जास्त येत असणार. आयुष्यभर पडद्यावर दुकानदार झाला आणि शेवटी खराच गल्ल्यावर बसला. बोटे सांभाळली असतील अशी आशा.

थेम्सकाठचा

आजोबा, छान. एक पुरवणी. तो परत आला होता, थोडाच. २००२ मध्ये 'द गॅदरिंग स्टॉर्म' नावाच्या चित्रपटात चर्चिलचा बटलर झाला. अल्बर्ट फिनी चर्चिल. बार्करच्या वाट्याला आलेली वाक्यं मोजकी, आणि तुमची नजर मात्र ट्रे घेऊन उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्यावर.

२००५ मध्ये दोघा रॉनींनी जुनी प्रहसनं पुन्हा सादर करायला एक कार्यक्रम केला. तेच टेबल, तोच निरोप, 'इट्स गुडनाइट फ्रॉम मी', 'अँड इट्स गुडनाइट फ्रॉम हिम'. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला बार्कर गेला, वय ७६.

मार्च २००६ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये स्मृतिसभा झाली. राजेरजवाडे, न्यूटन, डार्विन जिथे पुरलेत ती जागा. प्रार्थनेच्या मिरवणुकीत पुढे मेणबत्त्या धरायची रीत असते, साधारण दोन. त्या दिवशी चार होत्या.

२०१६ मध्ये कॉर्बेट गेला तेव्हाही चर्चमध्ये चार मेणबत्त्या लावल्या होत्या.

निशाचरी

चार!! आता रडवणार का?

खवचट_खोडरबर

हे मात्र जमलं त्यांना.

विनोदाचा बाजारभावही सांगून ठेवतो. 'फोर कँडल्स'ची बार्करच्या हस्ताक्षरातली संहिता २००७ मध्ये लिलावात ४८,५०० पौंडांना गेली. वायलीने दवाखान्याच्या प्रहसनाचे तीन हजार मागितले तेव्हा बार्कर फार होतात म्हणाला होता.

अडगळीतला_माणूस

खोडरबर, तुमचे प्रतिसाद हळूहळू गोड होत चाललेत, प्रकृती बरी आहे ना?

रानभेंडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. हा क्रम ठेवा. आधी 'फोर कँडल्स'. मग 'मास्टरमाइंड'चं प्रहसन, १९८० सालचं, ज्यात स्पर्धक प्रत्येक वेळी आधीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. ते वायलीचं नाही, डेव्हिड रेनविकचं, पण कॉर्बेट स्पर्धक आणि बार्कर प्रश्नकर्ता अशी जोडी जमली आहे. मग 'फ्रॉस्ट रिपोर्ट'मधलं वर्गव्यवस्थेवरचं छोटंसं प्रहसन. उंच जॉन क्लीज वरच्या वर्गाचा, मधला बार्कर, आणि खाली बुटका कॉर्बेट. बार्कर एकाकडे मान वर करून बघतो आणि दुसऱ्याकडे खाली. दोन मिनिटांत इंग्लंड संपतं. हे तिघे त्या रांगेत उभे आहेत ते नुसत्या उंचीने नव्हे. क्लीज केंब्रिजचा, हे दोघे रॉनी विद्यापीठाची पायरी न चढलेले, आणि त्यांची गट्टी जमली तीही तिथेच, बाकीच्या पदवीधरांच्या गोतावळ्यात.

मग झोप उडाली तर 'पॉरिज'.

रानभेंडी

'फोर कँडल्स' दोनदा बघितलं, दुसऱ्यांदा आईबरोबर. आईला इंग्रजी फारसं येत नाही. ती शिडीला हसली. थेम्सकाठचे काका बरोबर होते.

पण शेवट कळला नाही. दुकानदार वैतागून यादी हिसकावून घेतो, वाचतो, एकदम भडकतो आणि आतून दुसऱ्याला बोलावतो. यादीत असं काय होतं?

थेम्सकाठचा

बागकामाच्या एका हत्याराचं नाव, जे इंग्रजीत एका शिवीच्या जवळ जातं. इथे फोड करून सांगत नाही, आजोबा आहेत. गंमत म्हणजे हा शेवट खुद्द बार्करला पसंत नव्हता. शेवटपर्यंत त्याला वाटत राहिलं की यापेक्षा बरा सुचायला हवा होता.

आजोबा_७१

आजोबांना शिव्या येतात. सांगा निःसंकोच.

सुतार_पक्षी

मग आपला शेवट मी करतो. कालपासून डोक्यात घोळतोय. रात्री दुकान बंद करताना बाबांना वाचून दाखवला, ते हसले नाहीत, पण 'अशी गिऱ्हाइकं येतात' म्हणाले.

सहा किसण्या परत गेल्यात, बाराखडीचा तक्ता माळ्यावर गेलाय, दुकानदार घामाने भिजलाय. तो म्हणतो, आता एक शब्द बोलू नका, यादी द्या इकडे. यादी घेतो, चष्मा वर करतो, बोट ठेवून खाली खाली येतो. शेवटच्या ओळीवर बोट थांबतं. चेहरा लाल.

दुकानदार : हे कोणाला लिहिलंय?
गिऱ्हाईक : तुम्हालाच. दुसऱ्या कोणाला लिहिणार?
दुकानदार : तीस वर्षं धंदा करतोय, असं तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं! (आत बघून) बंड्या! तू बघ रे बाबा या गिऱ्हाइकाकडे, माझ्याच्याने होणार नाही.

(बंड्या हात पुसत येतो, यादी वाचतो, मोठ्याने.)

बंड्या : हां, बोला काका. तीनपाट. सागवानी दाखवू का साधे?

खवचट_खोडरबर

'तीन पाट'. दोन शब्द. मध्ये जागा सोडायची.

सुतार_पक्षी

सोडली असती तर बंड्याला बोलवायची वेळ आली नसती.

अडगळीतला_माणूस

खोडरबर, एक विचारू? हे सुतार_पक्षी तुमचेच तर नव्हेत?

खवचट_खोडरबर

मी अनेकवचनं चुकवत नाही.